दारात उभे राहिलेले कृपाचार्य



आजचं वाचन: सौप्तिक पर्व, अध्याय पहिला ते आठवा. कालच म्हटलं होतं की हा भाग झोपायच्या आधी वाचू नका. ज्यांनी तरी वाचला त्यांची रात्र कशी गेली असेल याची कल्पना आहे. माझीही तशीच गेली. आज जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

कथा थोडक्यात. युद्धाचा अठरावा दिवस संपलाय. दुर्योधन मांडी मोडून पडलाय. कौरवांकडून लढू शकणारे तिघेच उरलेत: अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा. रात्री ते रानात एका मोठ्या वडाखाली थांबतात. दोघांना झोप लागते, अश्वत्थाम्याला लागत नाही. वर फांद्यांवर कावळे झोपलेले आहेत. एक घुबड येतं आणि झोपेतच एकेका कावळ्याला मारत सुटतं. अश्वत्थामा ते बघतो आणि त्याला वाटतं, हा तर आपल्याला उपदेश झाला. तो मामांना उठवतो (कृपाचार्य त्याचे मामा) आणि म्हणतो, पांडवांची छावणी झोपलेली आहे, आत्ताच जाऊ.

कृपाचार्य त्याला अडवतात. झोपलेल्याला मारू नये, शस्त्र खाली ठेवलेल्याला, शरण आलेल्याला, वाहन गमावलेल्याला मारू नये. सगळं अगदी बरोबर सांगतात. अश्वत्थाम्याचं उत्तर पाचव्या अध्यायात आहे आणि ते मी चार वेळा वाचलं. तो म्हणतो, मामा, तुमचं सगळं खरं. पण धर्माचा हा बांध त्यांनीच आधी शंभर ठिकाणी फोडला. माझ्या वडिलांनी शस्त्र ठेवलं होतं, तेव्हा त्यांना मारलं. कर्णाचं चाक रुतलं होतं, तेव्हा मारलं. भीष्मांसमोर शिखंडीला उभं केलं. भूरिश्रवा प्रायोपवेशनाला बसला होता. दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली. आता मला कुठला नियम सांगता?

यातला एकही आरोप खोटा नाही. व्यासांनी त्याच्या तोंडी एकही खोटं वाक्य घातलेलं नाही, हेच तर अवघड आहे.

आता थोडं माझं.

मी गडचांदूरचा. पुण्यात हे सांगितलं की लोक हमखास 'म्हणजे गडचिरोली?' म्हणतात. नाही हो, चंद्रपूर जिल्हा, कोरपना तालुका, माणिकगडच्या पायथ्याकडचं सिमेंटचं गाव. पण खरं सांगायचं तर गडचिरोली आमच्यापासून फार लांबही नव्हती. १९८२ पर्यंत तो चंद्रपूरचाच भाग होता. आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांचं कोणी ना कोणी तिकडे नोकरीला, कोणी पोलिसात, कोणी मास्तर, कोणी वनखात्यात. तिकडे काही झालं की बातमी टीव्हीच्या आधी फोनवर यायची.

दहावीच्या मित्रांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. २२ एप्रिल २०१८ ला भामरागडकडच्या जंगलात, बोरिया-कसनासूरला, मोठी चकमक झाली. पुढच्या दिवसांत इंद्रावती नदीतून आणखी मृतदेह निघाले. दोन चकमकी मिळून आकडा चाळीसवर गेला. त्या आठवड्यात ग्रुपवर फोटो फिरत होते. ओळीने ठेवलेले मृतदेह. त्यात एक मुलगी होती, आमच्याच वयाची असावी. कोणीतरी त्यावर गाण्याची ओळ टाकली, कोणी नाचणारा इमोजी. मी काही लिहिलं नाही. मी फक्त तो फोटो आणखी दोन ग्रुपवर पाठवला.

वर्षभराने, १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाची गाडी जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक, सोळा माणसं गेली. गाडी खाजगी होती, चालकही पोलीस नव्हता. त्या संध्याकाळी परत फोटो आले, या वेळी आपल्या माणसांचे. ग्रुपवर सगळे तुटून पडले की असले फोटो टाकू नका, घरच्यांना काय वाटेल. तेव्हा एकाने, जो सहसा बोलत नाही त्याने, एवढंच लिहिलं: "मागच्या साली कोणाले घरचे नोते का?"

त्याला ग्रुपवरून काढलं. मी ॲडमिन नव्हतो. मी गप्प होतो.

हे आज का आठवलं? कारण परवा फोनने आपणहून जुने फोटो वर काढले, ते करतात ना, 'या दिवशी' म्हणून. त्यात माझ्या आत्याच्या घरच्या लग्नाच्या दोन फोटोंच्या मधे ती ओळ होती. नेमकं त्याच रात्री वाचायला सौप्तिक पर्व.

मग मी जे करतो ते केलं, वाचत बसलो. भीष्मपर्वाच्या पहिल्याच अध्यायात युद्धाचे नियम आहेत, आपण ते जानेवारीत वाचले होते. दोन्ही सैन्यं समोरासमोर आल्यावर बसून करार करतात. रथी रथीशी लढेल, पायदळ पायदळाशी. सावध नसलेल्यावर, घाबरलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर वार करायचा नाही. सूचना देऊन मगच प्रहार. आणि सारथी, ओझी वाहणारी जनावरं, शस्त्रं पुरवणारे, शंख-नगारे वाजवणारे, यांना हात लावायचा नाही. म्हणजे लढणारा कोण आणि लढाईच्या जवळपास असणारा कोण, हा फरक तिथं आहे. आज आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा ज्याला म्हणतात त्याचा कणा हाच फरक आहे.

तो कायदा मात्र कराराने नाही, एका माणसाच्या अस्वस्थतेने सुरू झाला. जून १८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनोला लढाई झाली. हेन्री ड्युनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी त्या बाजूला गेला होता. हजारो जखमी तसेच पडलेले त्याने पाहिले. जवळच्या गावातल्या बायका, कोण कुठल्या सैन्यातला हे न विचारता, पाणी आणि पट्ट्या घेऊन फिरत होत्या. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती झाली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १२ ऑगस्ट १९४९ ला, आज लागू असलेले चार करार झाले. भारताने ते १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

हे करार मुख्यतः देशादेशांतल्या युद्धांचे. पण चारही करारांत तिसरं कलम एकसारखं आहे आणि ते देशाच्या आतल्या सशस्त्र संघर्षासाठी आहे. ते छोटं आहे. जो लढत नाही, ज्याने शस्त्र ठेवलं, जो जखमी किंवा आजारी आहे, जो पकडला गेलाय, त्याच्याशी माणुसकीने वागायचं. खून नाही, छळ नाही, ओलीस नाही, विटंबना नाही. रीतसर न्यायालयाच्या निकालाशिवाय शिक्षा नाही, देहदंड तर नाहीच. जखमींना गोळा करून उपचार द्यायचे. आणि हे 'संघर्षातल्या प्रत्येक पक्षाला' बंधनकारक आहे, सरकारलाही आणि सरकारविरुद्ध बंदूक उचललेल्यालाही. आम्ही कुठं सही केली, हे उत्तर तिथं चालत नाही.

आता 'जनअदालत' हा शब्द घ्या. गडचिरोलीच्या गावांत हा शब्द कसा वापरला गेला ते तिकडच्या कोणालाही विचारा. गावकऱ्यांना गोळा करायचं, एकावर 'पोलिसांचा खबऱ्या' म्हणून ठपका ठेवायचा, आणि मारून शेजारी पत्रक टाकून जायचं. शेकडो माणसं अशी गेली, बहुतेक आदिवासी, ज्यांच्या नावाने ही लढाई चालली होती तीच. त्याला कुठल्याही पक्षाने कितीही क्रांतीचं नाव दिलं तरी तिसऱ्या कलमात त्याला जागा नाही.

सरकारची बाजू वेगळी आहे. भारत सरकार या प्रकाराला सशस्त्र संघर्ष मानत नाही, कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न मानतं. देशांतर्गत संघर्षाबद्दलचा १९७७ चा जो जादा करार आहे, त्यातही भारत नाही. युद्ध म्हटलं की बंडखोरांना मान मिळतो, ही भीती त्यामागे आहे. खरं तर तिसऱ्या कलमातच लिहिलंय की ते लागू केल्याने कोणाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. जांभूळखेड्याला सुरुंग लावणारा भारतीय कायद्याने खुनीच राहतो.

मी आधी समजत होतो की 'हे युद्ध नाही' म्हटलं की सरकारवरची बंधनं सैल होतात. उलट आहे मंडळी. युद्धात समोरचा सैनिक गोळी झाडत नसला तरी त्याच्यावर गोळी झाडता येते. युद्ध नसेल तर समोरचा नागरिक आहे, गुन्हेगार असला तरी नागरिक, आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला अगदी गरज असेल तरच पोलिसाने त्याचा जीव घ्यायचा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, ज्यात महाराष्ट्र सरकारच प्रतिवादी होतं, चकमकींसाठी नियम घालून दिले: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, लगेच बढत्या आणि शौर्यपदकं देऊ नयेत. कसनासूरनंतर गट्टेपल्ली गावातल्या काही कुटुंबांनी म्हटलं की आमची मुलं लग्नाला गेली होती. पोलिसांनी म्हटलं की ती नुकतीच दलमात भरती झाली होती. असल्या वेळी खरं काय ते ठरवायला न्यायालयाने सांगितलेली चौकशीच लागते. मी तर कोणाचंही काहीही न विचारता फोटो पुढे पाठवला होता.

चालकाकडे परत येतो, कारण तो मला सोडत नाहीये. सारथ्याला मारू नये, हा नियम भीष्मपर्वात आहे, आणि महाभारतात सर्वांत जास्त मोडलेला नियमही बहुधा हाच असेल. पहिल्या दिवसापासून बाण लागून सारथी पडतायत. कवी एका अर्ध्या ओळीत सांगतो, सारथी पडला, आणि पुढे जातो. ज्याच्याशिवाय हे युद्ध कळत नाही तो श्रीकृष्ण स्वतः सारथी आहे, तरीही. जांभूळखेड्याच्या चालकाबद्दल कायद्याच्या पुस्तकात वाद घालता येईल. कमांडो ज्या गाडीत आहेत ती गाडी लक्ष्य धरली तर तिच्यातल्या नागरिकाचं काय? किती हानी जास्त म्हणायची? पण दुसऱ्या एका गोष्टीवर वाद नाही. पाय पडला की फुटणारा सुरुंग पाय कोणाचा ते बघत नाही. जवानाचा, तेंदूपत्त्याला निघालेल्या बाईचा, की गुरामागे गेलेल्या पोराचा. मृतदेहाखाली, जखमीखाली, खेळण्यात, खाण्याच्या वस्तूत स्फोटक लपवायला तर भारताने स्वीकारलेल्या एका आंतरराष्ट्रीय करारात थेट बंदी आहे, आणि तो करार देशांतर्गत संघर्षालाही लागू होतो.

यावर माझ्या घरचं एक आहे. बाबा चुनखडीच्या खाणीत ब्लास्टिंगवर होते. दुपारी खाणीतून सायरन वाजायचा, लाल झेंडे लागायचे, माणसं आणि गुरं लांब काढायची, मग परत सायरन, मग धमाका. आमच्या घरची ताटं थरथरायची. आई घड्याळ न बघता म्हणायची, चला, जेवायला बसा. बाबांना धमाक्याची भीती नव्हती. त्यांना भीती होती न झालेल्या धमाक्याची. दारू भरलेलं भोक फुटलं नाही तर त्याला मिसफायर म्हणतात. बाबा म्हणायचे, "होल नाही फुटला तं तो आपला नाही राहत बापा. ज्याचा पाय पडन, त्याचा होते." म्हणून मिसफायर झाला की त्याची नोंद करायची, पुढच्या पाळीला सांगायचं, निशाणी लावायची, आणि निकाल लागेपर्यंत तिथं कोणाला फिरकू द्यायचं नाही.

अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येत होतं, परत घेता येत नव्हतं. उद्याच्या वाचनात ते येईल.

पण आज अश्वत्थाम्यापेक्षा मला शांतिपर्वातले भीष्म जास्त आठवले. ज्यांना वाटतं की आपले ग्रंथ भोळे आहेत आणि शत्रू भोळा नाही, त्यांनी तो राजधर्माचा भाग जरूर वाचावा. भीष्म स्पष्ट सांगतात की समोरचा कपटाने लढला तर तूही कपटाने लढ. दबा धरणं, हूल देणं, जंगलाचा फायदा घेणं, हे जिनिव्हाच्या कायद्यालाही मान्य आहे. इथपर्यंत अश्वत्थामा आणि भीष्म एकाच बाजूला वाटतात. पण तिथेच पुढे भीष्म म्हणतात, ज्याचं शस्त्र मोडलं, ज्याचं वाहन गेलं, जो जखमी आहे, त्याला मारू नकोस. जखमी शत्रूला त्याच्या घरी पोचव, नाहीतर स्वतःच्या राज्यात ठेवून वैद्याकडून उपचार कर, आणि बरा झाला की सोडून दे.

या दुसऱ्या भागाला 'समोरचा तसं वागला तर' अशी अट नाही. मी उलटसुलट वाचून बघितलं. कपटाला कपट, ही देवाणघेवाण आहे. जखमीला पाणी, ही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत चिकित्सक आवृत्ती तयार करणाऱ्या विद्वानांनी शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली, पण हा भाग गाळण्यासारखा त्यांना वाटला नाही, एवढं माझ्यापुरतं पुरे आहे.

आणि हे काही स्वप्नातलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह शस्त्र ठेवून समोर आला. त्यांना कोणी मारलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिथं बांध दोन्हीकडून फुटत आला तिथं हे झालं. आमच्या ग्रुपवर तेव्हाही एकाने लिहिलं होतं, जिवंत कशाला ठेवता. या वेळी मी लिहिलं, शस्त्र खाली आहे ना भाऊ. पाच शब्द वाढवायला सात वर्षं लागली. फार मोठं काही केलं असं समजू नका. उत्तर आलं, 'जवानांच्या घरी जाऊन सांग.' यावर माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. ज्या घरातला माणूस जांभूळखेड्याहून परत आला नाही त्या घरी जाऊन तिसरं कलम वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. एवढंच म्हणतो की त्या घरच्यांनी मला तो फोटो पाठवायला सांगितलं नव्हतं.

आता आठवा अध्याय, जो मी झटकन उरकायचा विचार करत होतो. अश्वत्थामा छावणीत शिरतो. धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्राने तरी मार, आणि तो लाथांनी मारतो. द्रौपदीची पाचही मुलं जातात. शिखंडी जातो. आरडाओरडा होतो, लोक अर्धवट झोपेत दाराकडे पळतात.

दारात कोण आहे? कृतवर्मा, आणि कृपाचार्य.

तेच कृपाचार्य. तीन अध्यायांपूर्वी नियम सांगणारे. ज्यांना सगळं माहीत होतं आणि ज्यांनी ते बरोबर सांगितलंही होतं. अश्वत्थामा ऐकत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, ठीक आहे, आम्ही तुझ्या सुखदुःखात सोबत आहोत. आणि आता ते दारात उभे राहून बाहेर पळणाऱ्या, शस्त्र नसलेल्या, हात जोडणाऱ्या माणसांना मारतायत. मग ते आणि कृतवर्मा मिळून छावणीला आग लावतात. आग का, तर उजेड पडावा म्हणून.

अश्वत्थाम्याला शाप मिळाला, सगळ्यांना माहीत आहे. कृपाचार्यांचं काय झालं? ते वाचले. पुढे परीक्षिताचे गुरू झाले. चिरंजीवांच्या यादीत रोज सकाळी आपण त्यांचं नाव घेतो. मी लहानपणापासून घेतोय, एकदाही अडखळलो नाही. काल अडखळलो.

तो फोटो मी डिलीट केला. ज्या दोन ग्रुपवर पाठवला होता त्यातला एक आता बंद आहे, दुसऱ्यात मी नाही. ग्रुपवरून काढलेल्या त्या मित्राचा नंबर शोधून फोन केला, त्याने उचलला नाही. रात्री करेन परत.

सकाळी बाबांनाही फोन केला होता. ते रिटायर होऊन आता गावातच असतात, संध्याकाळी अमलनाल्याकडे फिरायला जातात. मी असंच विचारलं, तुमच्या नोकरीत मिसफायर कधी राहून गेला का? म्हणाले, एकदा. पावसाचे दिवस होते, अंधार पडला, त्या वेळी काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि पलीकडच्या पाड्यावरची माणसं त्या वाटेने पहाटे येतात हे त्यांना माहीत होतं. मग काय केलं?

"काय करतो? बसलो तिथंच रात्रभर, बॅटरी घेऊन. जो दिसला त्याले म्हटलं, इकडून नको जाऊ बापा, तिकडून जा."

उद्याचं वाचन: सौप्तिक पर्व, अध्याय नववा ते अठरावा. राम कृष्ण हरी.